जावयाचा हयातीचा दाखला

आईला जाऊन वर्ष उलटलं आणि एका सकाळी पोहे वाढता वाढता मी नवऱ्याला म्हटलं, "आता आपण परत जाऊ."

त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं, त्यातली बी बोटानं ताटाच्या कडेला लावली आणि विचारलं, "कायले?"

माझा नवरा वेल्सचा आहे. इंग्रज म्हटलेलं त्याला चालत नाही. दिग्रसला आलो तेव्हा पहिले काही महिने तो प्रत्येकाला समजावून सांगायचा की वेल्स वेगळा, इंग्लंड वेगळं, आमची भाषा वेगळी. लोक मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हंजे इंग्रजच ना?" मग त्यानं नाद सोडला. गल्लीनंही त्याच्या देशाचा नाद सोडला आणि त्याला सरळ जावई म्हणायला लागली.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. मी नागपूरला नर्सिंग शिकले, मग नोकरी लागून वेल्सला गेले. डोंगरातल्या एका लहान गावातून दवाखान्यापर्यंत एकच बस जायची आणि ती हा चालवायचा. मी रोज पहिल्या सीटवर बसायची, कारण मागे गाडी लागायची. त्याचा त्यानं निराळा अर्थ काढला. लग्न झालं, मुलगी झाली, तिथंच केस पांढरे झाले. पुढं आई थकली आणि आम्ही दोघं निवृत्त होऊन तिच्यासाठी दिग्रसला आलो. धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडं राहते, ब्लाउज शिवते, पण तिच्या एकटीवर किती टाकणार?

तो मराठी शिकला ती आईकडून आणि बसस्टँडवर. त्यामुळं त्याला फक्त वऱ्हाडी येते. टीव्हीवर बातम्या लागल्या की तो मला विचारतो, "हे कोनती भाषा बोलून राह्यले?" रोज सकाळी तो स्टँडवर जाऊन बसायचा. पुसदची गाडी, यवतमाळची गाडी, कोणत्या गाडीचा क्लच घासतो, कोणता ड्रायव्हर वळणावर घाई करतो, सगळं त्याला पाठ. ड्रायव्हर लोकही त्याला आपल्यातला समजायचे. बस चालवलेल्या माणसाला बस चालवणाऱ्यांत भाषा फारशी लागत नाही.

अडचण माझी होती. माझ्या मैत्रिणी पुण्याला, नागपूरला मुलांकडे गेलेल्या. उरलेल्यांसाठी मी फॉरेनवाली ताई. आई होती तोवर दिवस कसा जायचा ते कळत नव्हतं. ती गेली आणि दुपारी घर मोठं वाटायला लागलं. तिकडं मुलीला दुसरं बाळ होणार होतं. ती म्हणायची, "आई, ये ना." ह्याला तिनं असं बोलावलं की हा म्हणायचा, "पाहू."

"अठी काय कमी हाय?" त्यानं त्या सकाळी विचारलं.

"कमी काही नाही. पण मला जायचंय."

"मंग तू तं भारतीय. तुले कोन जाऊ देते?"

ही थट्टा होती, पण खरी होती. भारतीय बाईचा नवरा म्हणून त्याला इथं जन्मभर राहायचं कार्ड मिळालेलं. तो दिग्रसला शंभर वर्षं राहिला तरी कुणी त्याला ऊठ म्हणणार नव्हतं. मी मात्र भारताचा पासपोर्ट कधी सोडला नव्हता. तिथं कायम राहायचा परवाना होता, पण दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की तो आपोआप संपतो. म्हणजे ज्या देशात मी आयुष्यभर लोकांची बाळंतपणं केली तिथं जायला मला परवानगी हवी होती, आणि ज्याला जायचंच नव्हतं त्याला कुणी अडवणार नव्हतं.

मी अर्ज भरायला घेतला. परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा असं त्याचं नाव. तिथं आपलं काय आहे ते दाखवायचं, इतकी वर्षं बाहेर का राहिलात ते सांगायचं, आणि नवऱ्यानं लिहून द्यायचं की मीही हिच्याबरोबर कायमचा परत येतोय. हा शेवटचा कागद काही निघेना. तीस वर्षं एक मिनिट उशिरा बस न सुटू देणारा माणूस आता म्हणायला लागला, "उद्या लिहितो." दुसऱ्या दिवशी पेन सापडायचं नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा. चौथ्या दिवशी स्टँडवर कुणाच्या तरी रिटायरमेंटचा कार्यक्रम.

बहिणीकडं तक्रार केली तर ती मशीनवर पाय मारत म्हणाली, "भाऊजी नाई म्हनते ना? मंग बरं हाय. ऱ्हा अठीच."

त्याच दिवसांत तिकडच्या पेन्शन ऑफिसचा लिफाफा आला. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरांना ते अधूनमधून फॉर्म पाठवतात: तुम्ही जिवंत आहात हे एका जबाबदार माणसाकडून लिहून आणा. आपल्याकडच्या हयातीच्या दाखल्यासारखंच. साक्षीदाराची एक सही, एक पत्ता, बस. मी नवऱ्याला म्हटलं, हे घेऊन डॉक्टरकडं जा, सही घे आणि थेट पोस्टात टाक.

दवाखान्याच्या वाटेवर बसस्टँड आहे.

तो दुपारी परत आला तो फार खुशीत. "झालं काम," म्हणाला. फॉर्म उघडून पाहिला आणि मी खाली बसले. साक्षीदाराच्या एवढ्याशा चौकटीत, तिच्या बाहेर, वर, खाली, कडेनं सह्याच सह्या. पुसद गाडीचा ड्रायव्हर, त्याचा कंडक्टर, चहावाला, आलुबोंडेवाला, एका मावशीचा अंगठा. आणि सगळ्यांवर तिरका, निळ्या शाईचा ठसठशीत शिक्का: "माल सुस्थितीत मिळाला."

"हे काय?"

"पार्सलवाल्याचा शिक्का हाय," तो म्हणाला. "डॉक्टरकडं गर्दी होती. म्या विचारलं, मी जिवंत हाय हे कोन सांगन? सगळेच म्हनाले आम्ही सांगतो. मंग एकाले हो म्हना, दुसऱ्याले नाई, असं कसं?"

"अरे, एक सही हवी होती. एक!"

"मंग पेन्शनवाल्यायले पक्कं समजन ना, मी जिवंत हाय म्हून."

मला हसू यायला लागलं, रागही येत होता. हसू जिंकलं. पण तो फॉर्म पाठवण्यात अर्थ नव्हता. नवा मागवायचा तर फोन करावा लागणार. मी त्याला अंगणातल्या खाटेवर बसवलं, नंबर लावून दिला आणि शेजारी भेंडी चिरत बसले. फोन स्पीकरवर होता. आधी बराच वेळ पियानो वाजला. मग यंत्र बोललं: इंग्रजीसाठी एक दाबा. आणि मग त्याच वाक्याचं दुसऱ्या भाषेतलं रूप ऐकू आलं. नवऱ्याचं बोट एकवर टेकलेलं होतं. त्यानं ते उचललं आणि दोन दाबलं.

पलीकडं एक तरुण मुलगी आली. तिनं त्याच्या भाषेत नमस्कार केला. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला. मी कोपरानं ढोसलं.

मग तो बोलायला लागला. सुरुवातीला अडखळत, मध्ये "हो ना बावा" असं काहीतरी घुसत होतं आणि ती मुलगी "माफ करा?" म्हणत होती. मला वेल्श मोडकीतोडकी समजते. दाखल्याची गोष्ट त्यानं तिला सगळी सांगितली, शिक्क्यासकट. शिक्क्याचं भाषांतर करताना दोघंही हसले. ती म्हणाली, नवा फॉर्म पाठवते, आणि हा जुना फाडू नका, ठेवा. मग तिनं पत्ता तपासायला म्हणून आधीचं गाव विचारलं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, अहो, मी पलीकडच्याच दरीतली.

त्यानं तिला विचारलं, पुलाचं काम झालं का, बेकरी चालू आहे का, पाऊस किती. सगळ्यात शेवटी विचारलं, "आणि सकाळची बस अजून वेळेवर असते का? मी चालवायचो ती."

ती म्हणाली, ती बस बंद झाली. प्रवासी कमी म्हणून. आता म्हातारी माणसं दवाखान्यात जायला शेजाऱ्यांच्या गाडीची वाट बघतात. माझी आजीसुद्धा.

फोन ठेवल्यावर तो खाटेवर तसाच बसला. समोर शेजाऱ्यांची कोंबडी आमच्या वाफ्यात उकरत होती. एरवी तो तिला हुसकायला धावायचा.

"त्यायनं माही गाडी बंद केली वो," तो म्हणाला.

मी सुरी खाली ठेवली. त्याचा हात हातात घेतला. त्याला भेंडीचा चिकटा लागला असणार, पण त्यानं हात काढला नाही.

संध्याकाळी तो स्टँडवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी त्याला पेन सापडलं, चष्मा सापडला, आणि मी आंघोळ करून येईतो कागद लिहून झाला होता. त्यानंच सांगितलं, "जाऊन पाहू. नाई करमलं तं माह्या कार्डाले मुदत नाई."

नवा फॉर्म आला तेव्हा मी स्वतः त्याच्याबरोबर डॉक्टरकडं गेले, स्टँडला वळसा घालून. डॉक्टरांनी प्रश्न वाचला: ही व्यक्ती तीच आहे हे आपण कशावरून सांगता? ते चष्म्यावरून त्याच्याकडं बघत म्हणाले, "गावात दुसरा गोरा असता तर गोंधळ झाला असता." तरी त्यांनी नाडी पाहिली, मगच सही केली.

माझ्या अर्जात एक चौकट होती: इतकी वर्षं देशाबाहेर राहण्याचं कारण. त्यात मोजकीच अक्षरं बसत होती. मी आधी सगळं लिहिलं. आईचं पडणं, तिचा हात धरून अंगणात फेऱ्या, तिचं माझ्या नवऱ्याला रागावणं, शेवटच्या दिवसांत तिचं मला माझ्या लहानपणीच्या नावानं हाका मारणं. कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत सांगितलं, जास्त झालं. कापत कापत शेवटी एवढंच उरलं की आई आजारी होती, मी तिची काळजी घेत होते. ते वाचून मला वाटलं, बरोबर आहे, खोटं काही नाही. तरी बराच वेळ मी अर्ज पाठवायचं बटण दाबलं नाही.

बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला जावं लागलं. नांदेडपर्यंत बस, पुढं रेल्वे. तिथल्या हॉटेलात ह्यानं उपमा मागवला आणि सवयीनं वेटरला म्हणाला, "वरून जरा सांबार टाका." आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि दुसरंही सांबार असतं हे तो साफ विसरून गेला होता. वेटरनं आनंदानं भली मोठी वाटी उपम्यावर ओतली. नवरा ताटातल्या त्या तळ्याकडं बघत राहिला. "अठी लोकं लय दिलदार हायत," म्हणाला आणि सगळं संपवलं.

व्हिसाच्या ऑफिसात फक्त मला सोडलं. माझ्या बोटांचे ठसे उमटता उमटेनात. आयुष्यभर हात धुऊन धुऊन बोटं गुळगुळीत झालेली. तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, थोडा घिसिए." मी बोटं पदराला घासली आणि चौथ्या खेपेला यंत्राला मी पटले.

काही आठवड्यांनी पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. मग बँक.

तिथला मॅनेजर बिहारकडचा तरुण होता, नवाच आलेला. माझं खातं आता पुन्हा अनिवासी माणसाचं करायचं होतं, कारण परदेशी राहायला गेल्यावर साधं खातं तसंच ठेवता येत नाही. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि गोंधळला.

"मॅडम, आप पहले एनआरआय थीं. फिर रेसिडेंट हो गईं. अब फिर एनआरआय?"

"जी."

"इस बार पक्का?"

नवरा पुढं वाकला. "साहेब, माहा काई भरवसा नाई, पन इचा हाय. करून टाका."

मॅनेजर थक्क होऊन माझ्याकडं वळला. "सर कौन सी भाषा बोल रहे हैं?"

"मराठी," मी म्हटलं.

"इतने महीनों से सीख रहा हूँ, मुझे एक शब्द समझ में नहीं आया."

त्याला परदेशातल्या पत्त्याचा पुरावा हवा होता. आमचं तिथलं घर भाड्यानं दिलेलं, बिलं भाडेकरूच्या नावावर. तिथल्या बँकेला फोन केला तर ती म्हणाली, आधी इथं राहायला या, मग पत्ता बदलू. इथली बँक म्हणत होती, आधी पत्ता आणा, मग जा. ह्या दोघींच्या मध्ये मी विमानात बसूनच राहायला हवं होतं. शेवटी माझ्या जुन्या दवाखान्याचं पेन्शन बघणाऱ्यांना मी कळवलं की पत्रं मुलीच्या पत्त्यावर पाठवा. त्यांचं पहिलंच पत्र माझ्या नावानं तिच्या घरी पडलं. तिनं फोटो पाठवला आणि मॅनेजरनं समाधानानं मान डोलावली. निघताना त्यानं नवऱ्याला थांबवून विचारलं की निरोप घेताना मराठीत काय म्हणतात.

"येतो," नवरा म्हणाला.

"लेकिन आप तो जा रहे हैं?"

"जातो म्हनत नाई आपन. येतोच म्हनतो."

मॅनेजरनं तो शब्द दोनदा घोकला.

निघायच्या दिवशी यवतमाळच्या गाडीला आम्हाला पोचवायला अर्धा स्टँड आला. पार्सलवाल्यानं आमच्या बॅगा हातानं उचलून वजनाचा अंदाज सांगितला. आलुबोंडेवाल्यानं पुडकं दिलं. बहीण रडत होती आणि रडता रडता माझ्या ब्लाउजची सुटलेली शिवण चिमटीत धरून म्हणत होती, "हे तं दाखवायचं ना वो मले." कंडक्टरनं नवऱ्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. "सासरहून निंघालेल्या जावयाले तिकीट?" म्हणाला, आणि आमची दोन तिकिटं फाडून पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले. नवरा खिडकीतून हात हलवत राहिला, गाडी जिनिंगच्या भिंतीमागं वळेपर्यंत. मग चष्मा काढून शर्टाला पुसला. मी रस्त्याकडं पाहिलं.

इकडं वेल्सला पोचून आता वर्ष होत आलं. नातू झाला. ह्यानं पहिल्याच महिन्यात गावातल्या चारदोन माणसांना गोळा केलं. त्यांनी एक जुनी मिनीबस मिळवली आणि आठवड्यातून तीन दिवस हा म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेतो. पेन्शन ऑफिसातल्या त्या मुलीची आजी पलीकडच्या दरीतली, आमच्या वाटेवरची नाही, पण तो वाट वाकडी करून तिलाही घेतो. थांबे वगैरे त्याला आता मान्य नाहीत. दिग्रसकडं जसं कुठंही हात दाखवला की गाडी थांबते, तसंच तो इथं थांबतो. मागच्या आठवड्यात एक बाई रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीला हात हलवत होती. ह्यानं गाडी उभी केली, दार उघडलं आणि ती बिचारी संकोचानं चढून बसली. तिला दवाखान्यात काहीच काम नव्हतं. आता दर मंगळवारी येते.

कागद सगळे जागेवर बसले. भारतात असताना न वाढणारं पेन्शन इकडच्या वाढलेल्या दरानं सुरू झालं, पत्ता बदलला, खातं अनिवासी झालं. फक्त दिग्रसच्या बँकेत मोबाईल नंबर बदलायचा राहिला आणि त्यासाठी समक्ष यावं लागतं म्हणे. त्यामुळं ते सिमकार्ड बहिणीच्या जुन्या फोनमध्ये आहे. दिग्रसच्या घराचं विजेचं बिल भरायचं झालं की ओटीपी तिच्याकडं जातो आणि मी तिला फोन करते.

"आला का?"

"काय?"

"ओटीपी."

"आला असन. थांब, चस्मा घेतो. जेवली का तू?"

"आधी नंबर सांग, मुदत संपते त्याची."

"सांगतो ना. आज वांगे केलते. तुह्या हातासारके नाई झाले. भाऊजी काय करून राह्यले?"

"गाडीवर गेलेत. सांग लवकर."

"हं. दोन... अवं, हे पहिलेचं हाय वाटते. तुनं कितीदा दाबलं?"

परवा तिसऱ्यांदा ओटीपी मागवला तेव्हा तिनं एकदाचा चष्मा लावून सगळा मेसेज मोठ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच थांबली.

"अठी तं लिहून हाय, हा नंबर कोनालेबी सांगू नोका."

"अगं, माझाच नंबर आहे तो. मी बहीण आहे तुझी."

"ते मले मालूम हाय. पन बँकेनं कोनालेबी म्हटलं ना."

ती बँकेची आणि माझी समजूत घालेपर्यंत मुदत संपली. मग आम्ही नातवाच्या दातांबद्दल बोललो, आईच्या जुन्या साडीची तिनं शिवलेली गोधडी तिनं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली, आणि फोन ठेवताना ती म्हणाली, उद्या पुन्हा कर.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर बिल तिनं सकाळीच बाजाराला जाताना रोख भरून टाकलं होतं. तरी आम्ही तासभर बोललो.